कोंबड्यांत गिनी सोडण्याआधी

माझ्या पहिल्या आठ गिनी, म्हणजे गिनी फाऊल जातीचे पाळीव पक्षी, मी तीन दिवसांत घालवल्या. बाजारातून आणल्या, दोन रात्री खुराड्यात ठेवल्या, तिसऱ्या दिवशी सकाळी कोंबड्यांना सोडलं तसं त्यांनाही सोडलं, म्हटलं संध्याकाळी कोंबड्या येतात तशा ह्यापण येतील. त्या सरळ समोरच्या फणसावर गेल्या, फणसावरून शेजारच्या काकांच्या कौलांवर आणि तिथून खाली पऱ्याकडे. पाचव्या दिवशी दोन परत आल्या, बाकीच्यांची नुसती पिसं सापडली. आई म्हणाली, "पैसे उडवायचेच होते तर निदान पंख नसलेलं काहीतरी आणायचं होतंस."

आता माझ्याकडे बारा-तेरा गावरान कोंबड्या आहेत आणि सात गिनी, सगळ्या एकाच खुराड्यात. रोज दिवसभर मोकळ्या आणि रोज संध्याकाळी आत. मधल्या काळात जे शिकलो ते खाली लिहितोय. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, त्यामुळे पावसाचा हिशोब कोकणातला आहे, घाटावरच्यांनी तेवढा आपापला जुळवून घ्यावा.

नावाचा घोळ आधी मिटवतो. गिनी फाऊल म्हणजे मूळ आफ्रिकेतला पाळीव पक्षी, करड्या अंगावर पांढरे ठिपके, डोकं टकलं आणि त्यावर हाडाचं शिंग. कुणी चितरी म्हणतं, कुणी तितारी. पण रानातला तित्तर वेगळा, तो वन्यजीव कायद्याखाली येतो, पाळायची भानगड करू नका. गिनीला तसा काही त्रास नाही. बरेलीजवळ इज्जतनगरला केंद्रीय पक्षी संशोधन संस्था आहे, त्यांनी गिनीच्या तीन जाती काढल्यात, कादंबरी, चितांबरी आणि श्वेतांबरी. कादंबरी म्हणजे नेहमीची करडी ठिपकेवाली, चितांबरी फिकट जांभळट, श्वेतांबरी पांढरी. पांढरी दिसायला छान पण घारीला लांबून दिसते, म्हणून मोकळी सोडणाऱ्याने करडीच घ्यावी असं माझं मत.

पायरी १ – शेजाऱ्यांना विचारा

हसू नका, ही खरंच पहिली पायरी आहे. गिनी ओरडते. कुत्रा आला, पोस्टमन आला, वाऱ्याने प्लास्टिकची पिशवी उडाली, सगळ्याला सारखंच ओरडते आणि एकीने सुरू केलं की बाकीच्यांना गप्प बसवत नाही. वाडीत घरं लांब असतील तर चालतं, पण शहरात किंवा चिकटून घरं असतील तिथे हा नाद नको. आमच्या काकांना मी पहिल्या वर्षी अंडी देऊन गप्प केलं, आता त्यांनाच सवय झालीये, आवाज आला नाही तर विचारतात काय रे गेल्या काय परत.

त्या ओरडण्याचा फायदाही आहे म्हणा. साप दिसला की सगळ्या गोल करून उभ्या राहतात आणि डोकं उठवतात. आमच्याकडे फुरसं आणि घोणस दोन्ही आहेत, त्यामुळे ही वर्दी कामाची. पण "गिनी असली की साप येत नाही" हे कुणी सांगितलं तर अर्धंच ऐका. लहानसहान पिल्लू टोचून मारतील, मोठा साप मारणं त्यांचं काम नाही, आणि रात्री तर त्यांना दिसतच नाही नीट. बॅटरी आणि गमबूट सुटत नाहीत. किडे मात्र जाम खातात. गोठ्याच्या आजूबाजूचे गोचीड, नाकतोडे, वाळवी, काय मिळेल ते. आणि कोंबडीसारखं उकरत नाहीत, त्यामुळे भाजीचे वाफे बऱ्यापैकी वाचतात.

किती घ्याव्यात? पाच-सहाच्या खाली नको. एकटी-दुकटी गिनी वेडी होते, दिवसभर हाका मारत फिरते. आणि त्यात नर एक, फार तर दोन. ह्याचं कारण पुढे येतंय.

पायरी २ – खुराडं आधी, पक्षी नंतर

कोंबडीचं खुराडं गिनीला चालतं, पण तीन बदल करावे लागतात. एक म्हणजे उंची. गिनीला रात्री सगळ्यात वर बसायचं असतं, म्हणून पाच-सहा फुटांवर एक आडवा बांबू त्यांच्यासाठी आणि दोन-तीन फुटांवर खालचा कोंबड्यांसाठी, दोन्ही एकाखाली एक नको नाहीतर खालच्यांच्या अंगावर सगळा अभिषेक. दुसरं, दार मोठं हवं. कोंबडी वितीच्या भोकातून पण वाकून आत जाते, गिनी अरुंद आणि अंधाऱ्या जागेत शिरत नाही, बाहेर येरझाऱ्या घालत बसते आणि मग अंधार पडला की उडून झाडावर. म्हणून आत एक छोटा बल्ब, दिवेलागणीला लावायचा, सगळ्या आत गेल्या की दार लावून अर्ध्या तासाने बंद. ह्या एका बल्बने माझं निम्मं काम झालंय. तिसरं, खाण्याच्या आणि पाण्याच्या जागा दोन-दोन, एकमेकींपासून लांब, कारण गिनी एका भांड्यावर पहारा करते.

जागा पक्ष्यामागे चार चौरस फूट तरी धरा. माझं दहा बाय आठचं आहे, खाली जांभ्याचे दोन थर, वर अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी. चिकन मेश म्हणून जी पातळ षटकोनी जाळी मिळते ती कुत्रा तोडतो, आणि मुंगसाला एवढंसं भोक पुरतं.

पायरी ३ – पिल्लं, आणि ती कोंबडीखाली

मोठ्या गिनी विकत आणू नका. एकदा दुसऱ्या घराची सवय झालेला पक्षी तुमच्या घराला घर म्हणायला महिने लावतो. पिल्लं घ्या, किंवा त्याहून चांगलं म्हणजे उबवायची अंडी आणा आणि आपल्या खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसू पाहणाऱ्या, कोंबडीखाली ठेवा. गिनी स्वतः रवणीला बसते, नाही असं नाही, पण ती बसणार कुठेतरी करवंदीच्या जाळीत, आणि पिल्लं निघाली की पहाटे त्यांना दवातून पळवत नेणार, आणि गिनीचं पिल्लू ओलं झालं की गेलं.

वेळेचं गणित बघा. कोंबडीचं अंडं २१ दिवसांत फुटतं, गिनीचं २६ ते २८. आमच्याकडे गिनी साधारण होळीच्या आसपास अंडी घालायला लागतात. मिरगाच्या पावसाआधी पिल्लं निदान दीड महिन्याची झाली पाहिजेत, म्हणजे मार्चच्या शेवटी अंडी कोंबडीखाली गेलीच पाहिजेत. मी एका वर्षी आळस केला आणि मे अखेरीस बसवली, जूनच्या शेवटी पिल्लं निघाली, १४ पैकी ३ जगली. आता उशीर झाला तर मी सरळ अंडी खातो.

बसवायची पद्धत अशी. पसरट टोपली, तळाला थोडी माती, वर पेंढा चुरगळून. कोंबडी नक्की खुडूक आहे का ते आधी बघा, हात नेला की फुगून "कुर्रर्र" करते आणि उठत नाही ती खरी. दोन दिवस तिला खोट्या अंड्यांवर बसू द्या, मग रात्री अंधारात गिनीची अंडी हळूच सरकवा. गिनीचं अंडं लहान असतं, ४० ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे मध्यम गावरान कोंबडीखाली १५ आरामात मावतात. अंडी आठ-दहा दिवसांपेक्षा जुनी नकोत. दहाव्या दिवशी मोबाईलच्या टॉर्चवर धरून बघता येतं, पण कवच जाड आणि तपकिरी असल्यामुळे कोंबडीच्या अंड्याइतकं स्पष्ट दिसत नाही, शंका असेल तर राहू द्या. आणि कोंबडीला रोज एकदा उठवून मका आणि पाणी द्या, २८ दिवस बसायचंय तिला, पार हलकी होते बिचारी.

कोंबडीची चार-पाच अंडी पण त्यातच घालायची असतील तर ती गिनीच्या नंतर आठवड्याने घाला, म्हणजे सगळी एकदम फुटतील. एकदम घातली तर २१ व्या दिवशी कोंबडीची पिल्लं निघणार आणि आई त्यांना घेऊन उठणार, गिनीची अंडी गार. ही भेसळ मी मुद्दाम करतो. गिनीची पिल्लं जाम घाबरट असतात, कोंबडीची पिल्लं आईच्या हाकेला धावतात ते बघून तीही धावायला शिकतात, आणि संध्याकाळी आईमागे खुराड्यात शिरायचं हे त्यांच्या डोक्यात तिथूनच बसतं. पुढचं सगळं ह्यावर अवलंबून आहे.

कोंबडी नसेल तर ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायची जागा. पुठ्ठ्याचा मोठा खोका किंवा पत्र्याचं कडं, वर बल्ब, पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास, मग दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी. थर्मामीटर नसेल तर पिल्लंच सांगतात, बल्बखाली गठ्ठा करून बसली तर थंडी, कडेला चोच उघडून बसली तर गरम. खाली वर्तमानपत्र घालू नका, गुळगुळीत कागदावर पाय फाकतात आणि पुढे सरळ होत नाहीत. पहिले चार-पाच दिवस गोणपाट, नंतर भाताचं तूस. पाण्याची थाळी एकदम उथळ, आणि त्यात गोट्या किंवा खडे भरा. गिनीचं पिल्लू दोन बोटं पाण्यात बुडून मरतं, मी स्वतः सकाळी उठून दोन काढलीत, तेव्हापासून भाच्याच्या सगळ्या गोट्या माझ्याकडे.

खाद्यात प्रथिनं कोंबडीच्या पिल्लापेक्षा जास्त लागतात, २४ टक्क्यांच्या आसपास. दुकानातल्या चिक स्टार्टरमध्ये २०-२२ असतात, म्हणून वर थोडं उकडलेलं अंडं कुस्करून किंवा वाळवी. वाळवीची युक्ती: जुनं मडकं, त्यात ओला पेंढा आणि थोडं सुकं शेण दाबून भरायचं, संध्याकाळी वारुळापाशी पालथं घालायचं, सकाळी उचलायचं, आत वाळवीच वाळवी. कोंबडीसमोर आपटलं की ती हाका मारून सगळ्यांना बोलावते आणि दोन मिनिटांत साफ. एक सावधगिरी, खाद्याच्या पोत्यावर काय लिहिलंय ते वाचा. कोंबड्यांच्या काही खाद्यात रक्ती हगवणीवरची औषधं मिसळलेली असतात, त्यातली मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन अशी काही गिनीला बाधू शकतात. नाव दिसलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

पायरी ४ – घर शिकवणं

मी घालवलेल्या आठ गिनी ह्याच पायरीवर गेल्या. विकत आणलेला पक्षी असेल तर आधी तीन आठवडे वेगळा ठेवा, कारण बाजारातून काय घेऊन आलाय माहीत नसतं. मग खुराड्यातच मध्ये जाळी घालून दोन आठवडे, एकमेकांना दिसतील पण चोच लागणार नाही. मग जाळी काढायची, तीही रात्री, सकाळी सगळे एकत्रच उठतात आणि भांडण निम्म्यावर येतं.

त्यानंतर चार ते सहा आठवडे गिनी बाहेर सोडायच्या नाहीत. कंटाळतील, ओरडतील, जाळीवर धडका मारतील, सोडायच्या नाहीत. ह्या काळात रोज संध्याकाळी एकाच वेळी डब्यात बाजरी घालून खुळखुळवायची, मग मूठभर टाकायची. बाजरी फक्त तेव्हाच, एरवी नाही. आठवड्याभरात डब्याचा आवाज आला की अंगावर उड्या मारतात.

मग सोडायची वेळ. पहिल्या दिवशी एकच गिनी सोडा, किंवा दोन, बाकीच्या आत. बाहेरची कुठे जात नाही, आतल्यांना सोडून तिला राहवत नाही, खुराड्याभोवतीच फिरते. सोडायचं पण संध्याकाळी, सूर्य मावळायच्या तासभर आधी, उपाशीपोटी. अर्ध्या तासाने डबा वाजवा. दुसऱ्या दिवशी दुसरी. असं करत करत आठवड्याने निम्म्या बाहेर, निम्म्या आत, आणि मग एक दिवस सगळ्या. कोंबडीखाली वाढलेल्या असतील तर एवढा सोपस्कार लागत नाही, आईमागे जातात-येतात, पण पिसं आली की आईला विसरतात, तेव्हा डब्याची सवय त्यांनाही लावाच.

एखादी झाडावर राहिलीच तर दगड मारू नका, काठीने ढोसू नका, दुसऱ्या दिवशी लवकर बोलवा. रात्रभर झाडावर बसणाऱ्या गिनीला उदमांजर सोडत नाही.

पंख कापावेत का? एकाच पंखाची बाहेरची सात-आठ पिसं कापली की तोल जातो आणि उंच उडता येत नाही. नवीन फुटणारं पीस, ज्याची दांडी निळसर काळी दिसते, ते कापायचं नाही, त्यात रक्त असतं. पण पंख कापलेली गिनी कुत्र्यापासून पण उडू शकत नाही हे लक्षात घ्या. मी कापत नाही.

आणि पकडताना कोंबडीसारखं पायाला धरून उलटं लटकवायचं नाही, गिनीचे पाय नाजूक, लचकतात किंवा मोडतात. रात्री अंधारात, दोन्ही हातांनी पंखांसकट अंग धरायचं, वर जुना टॉवेल.

पायरी ५ – मारामाऱ्या

कोंबडा भांडतो तो समोरून. मान फुगवतो, उडी मारतो, दोन टोले, संपलं. गिनीचा नर मागून येतो. पाठ वर काढून, मान खाली घालून तुरुतुरु धावत येतो, शेपटीची पिसं धरतो आणि सोडत नाही, आणि कोंबडा वळेपर्यंत पळालेला असतो. आमचा कोंबडा, चांगला तीन किलोचा, एका उन्हाळ्यात शेपटीशिवाय फिरत होता आणि आमच्या पायात येऊन उभा राहायचा. त्याच्या मागे दीड किलोचे दोन नर.

मार्चपासून पुढे हे वाढतं. उपाय फार नाहीत. नर कमी ठेवा. खुराड्यात एका भिंतीला फळी तिरकी टेकवा, मागे लपायला जागा होते. सकाळी लवकर सोडा, बंद जागेत भांडण जास्त. आणि एखादा नर रक्त काढतोच असेल तर त्याला दहा दिवस वेगळा ठेवून बघा, परत आल्यावर सुधारला नाही तर त्याचा रस्सा. आमच्याकडे दोघांपैकी एक राहिला.

नर ओळखायचा कसा? लहानपणी कळत नाही. तीनेक महिन्यांनी आवाज ऐका. मादी दोन सुरांत ओरडते, दुसरा सूर वर जाणारा, आमच्या आईच्या कानाला ते "का गं? का गं?" असं लागतं. नर एकाच सुरात किटकिट करतो. घाबरली की मादीपण एका सुरात ओरडते, पण नर कधी "का गं" म्हणत नाही. गालाचे लोंबते कल्लेही नराचे मोठे असतात, पण भरवसा आवाजाचा.

गिनी आणि कोंबडीचा संकर क्वचित होतो, गिनीचा नर आणि कोंबडी असा, निघालेलं पिल्लू वांझ असतं. दिसलं तर घाबरू नका, रोग नाही तो.

पायरी ६ – लस आणि रोजचं खाणं

लस दोघांना एकाच वेळापत्रकाने. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात थेंब, चार आठवड्यांनी परत, आठव्या आठवड्यात त्याच रोगाची आर टू बी लस टोचून, देवीची सहाव्या-सातव्या आठवड्यात. बाटली शंभर-दोनशे पक्ष्यांची असते, म्हणून वाडीतले चार-पाच जण मिळून एका सकाळी उरकतो, बर्फाच्या थर्मासमधून आणायची आणि फोडली की दोन तासांत संपवायची. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, तारखा तेच नीट सांगतील. गिनीला रोग कमी होतात हे खरंय, पण लस चुकवायला ते कारण नाही. जंताचं औषध पावसाआधी एकदा आणि नंतर एकदा.

मोठ्या झाल्या की फार लाड नाहीत. सकाळी थोडं, तांदळाची कणी, भरडलेला मका, कोंडा, संध्याकाळी बाजरी, बाकी बाहेरचं. अंड्यावरच्यांना शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात. आमच्याकडे जेवणात तिसऱ्या (खाण्याच्या शिंपल्या) केल्या की त्यांची कवचं भाजून कुटून ठेवतो.

पायरी ७ – अंडी शोधणं

साधारण आठव्या महिन्याला मादी अंड्यावर येते आणि होळीपासून गणपतीपर्यंत हंगामात शंभराच्या आसपास देते, थंडीत जवळपास बंद. कोंबडीची टोपली तिला आवडत नाही. गवतात, आंब्याच्या पालापाचोळ्यात, लाकडाच्या रचाईमागे, तीन-चार जणी मिळून एकाच खळग्यात घालतात. मला एकदा काजूखाली २६ मिळाली होती, निम्मी खराब.

उपाय म्हणजे हंगामात गिनींना दुपारी बारापर्यंत आतच ठेवायचं, बरीचशी अंडी तोवर पडतात. कोपऱ्यात पेंढा टाकून पुढे झावळी टेकवली की आडोसा होतो आणि तिथे घालतात. बाहेरच घालत असतील तर दुपारी नर कुठे एकटा उभा आहे ते बघा, बहुतेक वेळा मादी जवळपास असते. घरटं सापडलं तर सगळी उचलू नका, चार-पाच ठेवा, त्यांवर पेन्सिलीने खूण करा, म्हणजे त्या जागा बदलत नाहीत आणि तुम्हाला ताजं कुठलं ते कळतं. सगळी उचललीत की दुसऱ्या दिवसापासून नवीन जागा, परत शोधा. आणि हात घालायच्या आधी काठीने पाला बाजूला करा, त्या अंड्यांवर डोळा असलेले तुम्ही एकटे नसता.